सतराव्या वर्षी अळणी

डॉक्टर म्हणाला, "बेबीची किडनी बरीच गेलीय, मॅडम," तेव्हा मला पहिला राग आला तो 'बेबी'चा.

समोर स्टीलच्या टेबलावर जी बसली होती तिचं वय सतरा. सतरा वर्षांची मांजर म्हणजे माणसांत चौऱ्याऐंशीची बाई. माझ्या सासूबाईंच्या बरोबरीची. हिनं आयुष्यात तीन मीटर रीडर, दोन केबलवाले आणि सोसायटीचा एक सेक्रेटरी फाडलेला. सेक्रेटरीला तर चार टाके पडलेले. नवरा म्हणतो दोन. त्याला प्रत्येक गोष्ट अर्धी करून सांगायची खोड आहे आणि मला दुप्पट करून. तेव्हा आमच्या घरातलं खरं काय ते कळायचं तर सासूबाईंना विचारावं लागतं, आणि त्या कुणाला काही सांगत नाहीत.

"बेबी नका म्हणू हिला," मी म्हटलं. "तुमच्या जन्माच्या वेळी ही मॅट्रिक झालेली."

डॉक्टर कोवळा होता, हसला. ठाण्यातला दवाखाना होता तो, एसीचा, भिंतीवर कुत्र्यांचे फोटो. मानपाड्याहून आम्ही रिक्षानं आलेलो, मांजर भाजीच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये, वरून नवऱ्याची लुंगी बांधलेली. त्याआधी घराजवळच्या एका दवाखान्यानं महिनाभर टॉनिक दिलं होतं आणि सांगितलं होतं की उन्हाळा बाधलाय. उन्हाळा! ज्या मांजरीनं सतरा उन्हाळे पत्र्याच्या शेडवर झोपून काढले तिला?

मला मात्र एप्रिलपासून कळत होतं की काहीतरी बिघडलंय. ती पाणी प्यायला लागली होती. माझी बहीण दिवा स्टेशनजवळ राहते. तिच्या अख्ख्या मजल्याला दिवसाला जेवढं पाणी येत नाही तेवढं ही एकटी पीत होती. वाटीतलं, बादलीतलं, कुंडीच्या बशीतलं, सासूबाईंच्या तांब्यातलं. आणि प्यालेलं सगळं परत करत होती. पायपुसण्यावर, नवऱ्याच्या चपलेत, एकदा तर सोसायटीच्या वार्षिक अहवालावर. तिथं मात्र मी तिला काही बोलले नाही.

डॉक्टरनं रक्ताचा कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर एक आकडा होता, चार पूर्णांक काहीतरी. तो दोनच्या आत हवा म्हणे. मग त्यानं बोटांवर मोजत सांगितलं. घरचं जेवण बंद. मासळी बंद, सुकी तर अजिबात बंद. मिठाचा कण नको. किडनीच्या मांजरांसाठीचं डबाबंद खाणं येतं, तेच आणि तेवढंच. दिवसाआड कातडीखाली सलाइन, तेही घरीच. तीन आठवड्यांनी परत रक्त.

"आणि आकडा वर गेला तर?"

"तर मग आपल्याला बेबीच्या दृष्टीनं विचार करावा लागेल."

बेबीच्या दृष्टीनं म्हणजे सुई. शेवटची. मला कळलं, नवऱ्याला कळलं. मांजरीला काय कळलं माहीत नाही, पण तिनं डॉक्टरच्या अंगठ्याला दात लावला, आणि मी 'अरे अरे' केलं नाही.

सतरा वर्षांपूर्वी मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॅकिंगला सुपरवायझर होते. एका सकाळी बेअरिंगच्या खोक्यातून आवाज आला. आत बेअरिंगं चाळीस आणि पिल्लू एक. चलनावर पिल्लाची नोंद नव्हती, म्हणून मी ते डब्याच्या पिशवीत घातलं आणि घरी आणलं. दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी पिशवीत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "घरान मांजर आनशील तं मी भायेर जाईन."

त्या बाहेर गेल्या नाहीत. पण मांजर आपली नाही हे त्यांनी सतरा वर्षं सोडलं नाही. दुपारी ती त्यांच्या पोटावर झोपायची आणि त्या म्हणायच्या, "तुज्या मांजरीना उचल." मी उचलायला गेले की दोघी माझ्याकडे एकाच नजरेनं बघायच्या.

तर सलाइन. आमच्या हॉलच्या छताला पाळण्याचा हूक आहे. त्याच्या पाळण्यात माझा मुलगा झोपला, नणंदेच्या मुली झोपल्या, मग तिथं शोभेचा कंदील लटकला. आता तिथं सलाइनची बाटली. खाली चटईवर नवरा, त्याच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली मांजर, आणि सुई माझ्या हातात. मी पस्तीस वर्षं पॅकिंगमध्ये काढली, पट्टी मारण्यात माझा हात धरणारं वागळे इस्टेटमध्ये कुणी नव्हतं. पण सतरा वर्षांची कातडी म्हणजे ओला टिशू पेपर. पहिली सुई आरपार गेली आणि नवऱ्याच्या मांडीत शिरली. नवरा ओरडला ते ऐकून खालचा वॉचमन वर आला. दुसऱ्या वेळी मांजरीनं नळी चावून तोडली आणि हॉलमध्ये कारंजं झालं. तिसऱ्या वेळी मात्र जमलं. तिच्या पाठीवर उंटासारखी मदार आली, मग ती घरंगळत पुढच्या पायात उतरली आणि मांजर दिवसभर एका बाजूनं पैलवान आणि दुसऱ्या बाजूनं उपाशी अशी फिरत राहिली.

सासूबाई खिडकीपाशी कॉटवर बसून हे सगळं बघत होत्या. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, "त्या बाटलीन हाय काय?"

"औषध आहे, आई."

"कसला?"

"शक्तीचं," मी म्हटलं. मला त्या वेळी समजवायला वेळ नव्हता. ही माझी चूक. ती मी मान्य करते, एकदाच.

खाण्याचं तर विचारूच नका. तो डबा उघडला की घरात वास यायचा तो गोंद भिजत घातल्याचा. बशीत वाढलं की मांजर यायची, हुंगायची आणि पुढच्या पंजानं फरशी खरवडायची. मांजरं कशावर माती ओढतात ते सांगायला नको. ज्या खाण्यासाठी मी ठाण्याला दोन फेऱ्या मारल्या त्याच्यावर ती माझ्यादेखत माती ओढत होती. मी तिला म्हटलं, "खा, नाहीतर मरशील." ती गेली आणि सासूबाईंच्या कॉटखाली बसली.

"अलनी हाय ता," सासूबाई म्हणाल्या. "कोन खाईल?"

त्यांना मिठाचं दुःख होतंच. चार वर्षांपूर्वी त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं आणि डॉक्टरांनी त्यांचंही मीठ तोडलं. तेव्हापासून मी त्यांची भाजी वेगळी काढायची आणि त्या ती कपाळाला आठ्या घालून खायच्या. पण तक्रार नाही. मला वाटायचं, बाईनं वयाच्या ऐंशीव्या वर्षी जीभ जिंकली. मी हे नातेवाइकांत अभिमानानं सांगायची.

चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "दुपारचा मी देतंय तिना. तू झोप जरा."

आणि चमत्कार झाला. दुपारी बशी चाटूनपुसून साफ. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तर ती बाराच्या ठोक्याला कॉटपाशी जाऊन बसली. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, सवय लागते. मी बहिणीला फोन करून सांगितलं. मी डॉक्टरला फोन करून सांगितलं. मी बिल्डिंगमध्ये तर अशी सांगत सुटले की दुसऱ्या मजल्यावरच्या बाईनं आपल्या नवऱ्याच्या मधुमेहासाठी माझा सल्ला घेतला.

तीन आठवड्यांनी परत ठाणे. परत रक्त. आकडा सव्वापाच.

डॉक्टरनं कागद घडी घालून ठेवला. मग अगदी हळू, मला दुखू नये म्हणून विचारतात तसं त्यानं विचारलं, "घरात कुणी वेगळं काही देतं का? सुकट, बोंबील? बिल्डिंगमधले लोक देतात कधीकधी."

आमच्या घरात? मी घरी येईपर्यंत रिक्षात एक शब्द बोलले नाही. नवरा म्हणाला, "अगं, शांत हो." मी शांतच होते. दूध उतू जायच्या आधी असतं तेवढी शांत.

बिल्डिंगमधले लोक देतात. बरोबर! दुसऱ्या मजल्यावरची बाई गॅलरीत बोंबील वाळवते, ते मी सतरा वर्षं नाक धरून सहन केलंय. जिन्यावरून मांजर जाते तेव्हा तिच्याच दाराशी थांबते. मी क्रेट खाली ठेवला, चप्पल तशीच, आणि थेट दुसऱ्या मजल्यावर. बेल वाजवली नाही. बेलवर हात ठेवला तो काढलाच नाही.

"काय गं, काय झालं?" ती दार उघडून म्हणाली. हातात साबुदाणा.

"माझ्या मांजरीला तू काय देतेस?"

"मी?"

"सुकट देतेस. बोंबील देतेस. तिच्या किडन्या गेल्यात, माहीत आहे ना? मीठ म्हणजे विष आहे तिला. तू विष देतेस."

तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "श्रावण चालूय," ती म्हणाली. "माझ्या घरात श्रावणात सुकट?"

"मग आषाढातली उरलेली असेल."

हे मी बोलायला नको होतं. एखाद्या बाईला तू चोरी केलीस म्हटलेलं एक वेळ चालतं, पण श्रावणात तिच्या डब्यात सुकट उरली म्हटलेलं चालत नाही. तिनं मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. एकेक डबा काढून, झाकण उघडून माझ्या नाकाशी धरला. अकरा डबे. नवऱ्याला मी बावीस सांगितले. एकातही काही नव्हतं. "बघ! हुंग! अजून हुंग!" ती ओरडत होती. जिन्यात सगळे मजले उभे होते. शेवटी ती म्हणाली, "आता जा. आणि ती तुझी मांजर माझ्या दारात आली तर तिला पाणीसुद्धा देणार नाही."

मी वर आले आणि आतल्या खोलीत दार लावून पडले. झोप कुठली! मी पडल्यापडल्या बिल्डिंगमधल्या एकेकाला सुळावर चढवत होते. तळमजल्यावरचा वॉचमन, चौथ्या मजल्यावरचे भाडेकरू, शाळेत जाणारी ती दोन पोरं. तासाभरानं घसा सुकला म्हणून पाणी प्यायला उठले. दार हळूच उघडलं, कारण सासूबाई दुपारी झोपतात.

त्या झोपल्या नव्हत्या. कॉटवर मांडी घालून बसल्या होत्या. मांडीत मांजर. उजव्या तळव्यावर त्या डब्यातलं खाणं, आणि डाव्या हातानं त्या पदराची गाठ सोडत होत्या. गाठीतून खडेमीठ निघालं. एक खडा त्यांनी स्वतःच्या जिभेवर ठेवला. दुसरा दोन बोटांत चुरला, तळव्यावरच्या खाण्यात कालवला, आणि हात मांजरीच्या तोंडाशी धरला. मांजर खात होती. सासूबाई डोळे मिटून खडा चघळत होत्या. दोघी इतक्या सुखात होत्या की मला आधी काही बोलताच आलं नाही.

मग आलं.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. या घरात मला अजून राहायचं आहे. नवरा बाथरूममधून साबण लावलेल्या तोंडानं बाहेर आला. मांजर कॉटखाली. सासूबाईंनी मात्र डोळे उघडले, पदराची गाठ परत बांधली, दोनदा ओढून घट्ट केली आणि म्हणाल्या, "झाला बोलून?"

"आई, मीठ तिला विष आहे! डॉक्टरनं शंभरदा सांगितलंय!"

"आनि तू बाटलीन काय टोचतंस?"

"ते... ते सलाइन आहे."

"तो तुजा नवरा बोलला मना. मिठाचा पानी हाय. आख्खी बाटली मिठाचा पानी तू टोचतंस, ता चालतंय. मी चिमटीभर घातला का विष?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो परत बाथरूममध्ये गेला.

"ते वेगळं असतं आई!"

"मीठ ता मीठ," त्या म्हणाल्या. "मना नको शिकवू. माजा बापूस मिठागरान गेला."

सासूबाईंचं माहेर ठाण्याच्या खाडीकाठचं. वडील, काका, आजा, सगळे मिठागरावर. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढायचं, पाट्या डोक्यावरून वाहायच्या. त्या स्वतः सातव्या वर्षापासून पाटी उचलायच्या. पायाच्या भेगांत मीठ शिरलं तर आई म्हणायची, रडू नको, मिठानं जखम सडत नाही. तेव्हा मीठ मारतं हे जगातल्या कुठल्याही डॉक्टरनं सांगितलं असतं तरी त्या बाईला ते पटलं नसतं, जसं मला कुणी सांगितलं की सुतळी वाईट असते तर पटणार नाही. पण त्या वेळी मला यातलं काही सुचलं नाही. मला एवढंच दिसत होतं की सव्वापाच हा आकडा त्या पदराच्या गाठीतून आलाय.

"चार वर्षं," मी म्हटलं. "चार वर्षं तुमची भाजी वेगळी काढते मी!"

"मंग? काढलास. मी खाल्ली. वरतून खडा खाल्ला. मेले काय?"

"आणि ती मेली तर?"

तेव्हा त्या पहिल्यांदा चिडल्या. त्यांचा आवाज चढत नाही, खाली जातो. "तूच मारतंस तिना," त्या म्हणाल्या. "अलनी कोनाला वाढतान? पिंडाला. दहाव्याला. मेलेल्याला अलनी वाढतान गो, जित्याला नाय. आज तीन आठवडे तू त्या जित्या जिवापुढं मेल्याचा ताट मांडतंस. ती खरवडतंय, माती वडतंय, तिना कलतंय. तुना कलत नाय."

मी पाणी न पिताच आत गेले.

डॉक्टरला फोन लावला. म्हटलं, गुन्हेगार सापडला. त्यानं विचारलं, किती मीठ? म्हटलं, चिमटी. तो म्हणाला, "मीठ बंद कराच. पण आकडा मिठानंच वाढला असं छातीठोक नाही सांगता येणार, मॅडम. या वयात आजार पुढे जातोच." आता यावर माणसानं काय करावं? सासूबाईंवर धड शंभर टक्के रागावता येईल एवढीही सोय त्यानं ठेवली नाही. दुसऱ्या मजल्यावर मी अब्रू घालवून आले, घरात मी चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईवर किंचाळले, आणि कदाचित कुणीच काही केलेलं नव्हतं. फक्त ती म्हातारी झाली होती.

तो राग मला कुठे ठेवावा कळेना. मी भांडी घासली. घासलेली परत घासली.

पुढचे दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या. दुपारची बशी मी वाढायची, मांजर यायची, हुंगायची, माती ओढायची. मी बोटानं तिच्या ओठाला लावलं, तिनं थुंकून टाकलं. चमच्यानं भरवलं, तिनं माझा अंगठा भरवून घेतला. दोन दिवस पोटात काही नाही. पाठीचे मणके मोजता येऊ लागले. सलाइन देताना टॉवेलात नुसता टॉवेल धरल्यासारखं वाटलं, असं नवरा म्हणाला, आणि या वेळी त्यानं काही कमी करून सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बारा वाजता मी बशी घेऊन कॉटपाशी गेले. मला असं कुणापुढे जायची सवय नाही. पस्तीस वर्षं लोक माझ्यापुढे यायचे.

"आई," मी म्हटलं, "तुमच्या हातानं द्या. पण बिनमिठाचं."

भिंतीकडूनच उत्तर आलं. "मी अलनी कोनाला वाढनार नाय."

"ती मरेल आई."

"मंग मिठाचा दे."

"मिठानं मरेल!"

"मंग दोनी बाजूनी मरतंय तं खाऊन मरू दे."

"मग मी काय करू?" मी ओरडले. मला लाज वाटते, पण रडलेही. रागानं. "सांगा ना! मिठागरवाल्या तुम्ही! मी काय करू?"

त्या वळल्या, उठून बसल्या. आधी बशीकडे बघितलं, मग कॉटखाली.

"तू खा," त्या म्हणाल्या.

"काय? हे?"

"ह्या नाय. तुजा जेवान अलनी खा. तुज्या नवऱ्याना दे. मना पन दे. सगल्या घरानी अलनी खाल्ला, तं मंग ता मेल्याचा ताट नाय ऱ्हात." आणि त्यांनी पदराची गाठ सोडली, मूठभर खडे माझ्या हातावर ठेवले. ते गरम होते, घामानं चिकट. "ने ह्या. पन कोनी चोरून खाल्ला तं मी तिना पन देनार."

मी रागानं त्याच दुपारी डाळ, भात, भेंडी सगळं बिनमिठाचं केलं. मिठाची बरणी कागदात गुंडाळून माळ्यावर टाकली. ताटं वाढली. ताटात मिठाची जागा असते वर डावीकडे, ती तशीच रिकामी. नवऱ्यानं पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं दुसरा घास घेतला.

सासूबाई कॉटवरून उतरून पाटावर बसल्या. आधी स्वतःचा अळणी घास गिळला, अगदी सगळ्यांना दिसेल असा. मग डब्यातलं खाणं उजव्या तळव्यावर घेतलं, दुसरा तळवा वरून झाकला आणि तसाच धरून बसल्या. मिनिटभर, दोन मिनिटं. मग हात खाली नेला.

मांजर आली. हुंगलं. आणि खाल्लं.

एक चिमटी मीठ नाही. बोटं चाटली, तळवा चाटला, मनगटापर्यंत चाटलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की तीन आठवडे ती खात होती ते मिठासाठी नव्हतंच. फ्रिजमधला थंडगार गोळा मी बशीत टाकत होते, आणि ही बाई तो हातात धरून ऊन करत होती. उबेनं वास उठतो. एवढंच होतं. एवढ्याचसाठी एक शेजारीण गेली, एक सासू गेली आणि माझ्या जिभेचं वाटोळं झालं! मी हे तिथल्या तिथे सांगितलं. म्हटलं, "आई, मिठाचा संबंधच नव्हता! तुमच्या हाताच्या उबेनं खात होती! आता आपण मीठ खाल्लं तरी चालेल!"

"बस आनि जेव," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हापासून आमच्या घरात मीठ नाही. नवरा पहिल्या आठवड्यात तीन किलोनं उतरला. त्याच्या मते पाऊण. तो संध्याकाळी स्टेशनकडे फिरायला जातो आणि परत येतो तेव्हा त्याच्या मिशीला शेवेचा कण असतो. मी बघितलं न बघितल्यासारखं करते, सासूबाई करत नाहीत. एकदा त्यांनी मांजरीला खरंच खडा दाखवला, तेव्हापासून तो मिशी पुसून येतो. गणपतीला पाहुणे आले, त्यांना वाटलं घरात काहीतरी अशुभ घडलंय आणि आम्ही लपवतोय. आणि दुसऱ्या मजल्यावर मी गेले, हात जोडले. म्हटलं, चुकलं. ती दारातूनच म्हणाली, "श्रावणात मी कुणाला शिव्या देत नाही म्हणून वाचलीस. संपला की ये, तेव्हा देते." मी गेले. तिनं दिल्या. अर्धा तास, एकही परत न म्हणता. मग चहा दिला. तो तिनं मुद्दाम बिनसाखरेचा दिला.

गौरी-गणपती आटोपल्यावर परत ठाण्याला रक्त दिलं. आकडा चार पूर्णांक दोन.

"छान," डॉक्टर म्हणाला. "म्हणजे बरी होणार नाही, पण थांबलीय. काय वेगळं केलंत?"

मी म्हटलं, "तुम्ही जेवता का मीठ घालून?" तो म्हणाला, हो. मी म्हटलं, "मग राहू दे, तुम्हाला नाही समजायचं." मग विचारलं ते विचारायला नको होतं. "किती दिवस, डॉक्टर?"

"महिने म्हणा. काही बेब्या वर्षसुद्धा काढतात."

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. त्या मांजरीला क्रेटमधून काढत होत्या. पायाला धरून नाही, बाळाला काढतात तसं, मानेखाली हात घालून.

"वर्ष?" त्या म्हणाल्या.

"झालं तर."

"म्हंजे वर्षभर मीठ नाय."

"नाही."

त्यांनी तिला मांडीवर घेतलं. तिच्या कानामागचे विरळ झालेले केस बोटानं मागे सारले. मग तळव्यावर खाणं घेतलं, दुसऱ्या हातानं झाकलं.

"ऐकलास गो?" त्या तिला म्हणाल्या. "मरू नको हां. पन लय पन जगू नको. मना पन थोरा मीठ खाऊन जायाचा हाय."

"आई!" मी ओरडले. "असं काय बोलता?"

"तुना नाय बोलत," सासूबाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. "आमचा दोघींचा चाललाय. तू जा, भात लाव."